आबांची बादली

उद्या केतकीचा दहावीचा गणिताचा पेपर. ती टेबलाशी बसली आहे, पाय गार पाण्याच्या बादलीत. झोप येऊ नये म्हणून बादली मीच भरून ठेवली आहे. दोन रात्री पोरगी धड झोपलेली नाही. मी मागे खाटेवर पाठ टेकते, डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून. दुपारचे तीन वाजलेत.

खाटेच्या कडेला आबा बसलेत. माझे वडील, जाऊन सहा वर्षं झाली. हातात तोच पाण्याचा तांब्या.

"मंजे, झोपलीस?"

"झोपले नव्हते मी, आबा." चाळिशी उलटली तरी तोंडातून हेच निघतं. स्वतःचाच संताप येतो.

मी उठते तर खोलीभर बाकं आहेत. माझं परीक्षा केंद्र. खिडकीपाशी माझी दहावीची उत्तरपत्रिका, चौथ्या गणितावर पेनाची रेघ खाली घसरत गेलेली. तिथंच डोकं टेकून मी झोपले होते. बाईंनी हलवलं तेव्हा शेवटची घंटा वाजत होती.

"आळशी कार्टी," आबा म्हणतात. "गल्लीत तोंड दाखवायची सोय ठेवली नाहीस."

"तीन रात्री तुम्ही मला झोपू दिलं नाहीत. डोळा लागला की तोंडावर पाणी. सगळी गणितं येत होती मला."

"झोपला तो संपला."

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची मेल्यावरही गेली नाही."

आबा हसतात. मला ते हसणं कधीच आवडलं नाही.

"माझं सोड. ही बादली कुणी भरली?"

ते तांब्यानं बाकाखाली दाखवतात. बादलीत दोन पाय आहेत, पाण्यानं पांढरे पडून सुरकुतलेले. माझे की केतकीचे, कळत नाही. आबा तांब्या उचलतात, केतकीच्या तोंडावर नेम धरून. मी जीव खाऊन लाथ मारते.

फरशीवर पाणीच पाणी. टेबलाखाली बादली आडवी पडली आहे आणि मी तिच्याशेजारी उभी, उजवा पाय घोट्यापर्यंत ओला. केतकीचं डोकं वहीवर आहे. अर्ध्या गणितावरून पेनाची रेघ खाली घसरत गेली आहे.

तिला उचलून अंथरुणावर न्यावं म्हणून मी खांद्याला हात लावते. ती दचकून ताठ बसते आणि पाणी अडवायला दोन्ही हात तोंडापुढे धरते.

"झोपले नव्हते मी, आई."