स्टॉलिडस, स्टॉलिडा, स्टॉलिडम

साप पकडायला गेलं की साप थोड्या वेळात पिशवीत जातो आणि त्याच दिवशी रानात सुटतो. किस्सा मात्र आपल्यासोबत घरी येतो आणि मुक्कामच ठोकतो. माझ्याकडे इतके साठलेत की मी कर्जतच्या कॉलेजात बायॉलॉजी शिकवते की गप्पा मारते, हे मुलांनाही कळत नाही.

आमचा ग्रुप चौघांचा. कडावचा भगवान, घरी भातशेती आणि म्हशी. साजगावच्या कारखान्यातला फिटर प्रकाश, साप धरण्यात आमच्यात सगळ्यात तयार. गुरांच्या डॉक्टर मीनाक्षी. आणि मी. हे किस्से आमच्यात शिरलेल्या एका लॅटिन शब्दाचे.

* * *

त्या वर्षी श्रावणात तीन-चार दिवस वारं नुसतं पिसाळलं होतं. सकाळी भगवानचा फोन आला.

"मॅडम, बांधावर एक पाखरू बसलंय. कावळ्यासारखं हाय, पन कावळा नाय. हाकललं तरी हलत नाय."

मीनाक्षीला घेऊन गेले. चॉकलेटी अंग, कपाळ पांढुरकं, आणि आमच्याकडे बघत ढिम्म बसलेलं. मीनाक्षीनं फोनवर शोधून नाव काढलं, अनौस स्टॉलिडस. भर समुद्रातला पक्षी, वाऱ्यानं भातखाचरापर्यंत आणून टाकलेला.

तिला नावांचे अर्थ सांगायची भारी हौस. पहिला शब्द ग्रीक, म्हणजे बिनडोक. दुसरा लॅटिन विशेषण, म्हणजे मूर्ख. हा पक्षी जहाजावर येऊन बसायचा आणि माणूस जवळ आला तरी उडायचा नाही. खलाशी त्याला हातानं उचलायचे, म्हणून हे नाव.

"म्हंजे येडा," भगवान म्हणाला.

मीनाक्षीला ते पटेना. येडा काहीही करत सुटतो. स्टॉलिडस काहीच करत नाही. मठ्ठ म्हण, ठोंब्या म्हण.

भगवाननं ठोंब्याला उचलायला हात पुढे केला. ठोंब्यानं त्याचं बोट असं पकडलं की सोडवायला आम्ही दोघी लागलो.

भगवान बोट चोखत म्हणाला, "बिनडोक म्हनं. बोट बरोबर गावलं त्याला."

पाखरू दोन दिवस मीनाक्षीच्या दवाखान्यात मासे खाऊन राहिलं, मग तिनं ते अलिबागच्या किनाऱ्यावर नेऊन सोडलं. शब्द आमच्याकडे राहिला.

* * *

तो सगळ्यात जास्त वापरला प्रकाशनं. गाडी सुरू झाली नाही की गाडी स्टॉलिडस. सुपरवायझर तर कायमचाच.

खालापूरकडे मुंबईच्या एका साहेबांचं फार्महाऊस आहे. त्यांनी आम्हाला बोलावून सांगितलं, प्लॉटवरचे सगळे साप एकदाच काय ते काढून टाका. प्रकाशनं समजावलं की साप गेले तर उंदीर माजतील. साहेब ऐकेनात. कुंपणाला बारीक जाळी लावली तर आतले साप बाहेर जाऊन परत येणार नाहीत ना, असं विचारायला लागले. शेवटी प्रकाश हात जोडून शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदम स्टॉलिडस आहात."

साहेब खूश झाले. त्यांना त्यात 'सॉलिड' ऐकू आलं असावं. चहापाणी झालं, वर आंब्यांची पेटी मिळाली.

पुढच्या महिन्यात प्रकाशला अनोळखी नंबरवरून फोन आला. कोण बोलतंय विचारलं, तर समोरून रुबाबात उत्तर आलं, "ओळखलं नाही का? स्टॉलिडस बोलतोय."

* * *

एकदा प्रकाशच्या घरी जेवायला होतो. त्याची बायको वैशाली वाढत होती. बोलता बोलता त्यानं तिलाही स्टॉलिडस म्हटलं. मीनाक्षीनं लगेच चूक काढली. लॅटिन विशेषण आपल्यासारखंच लिंगाप्रमाणे बदलतं. खुळा, खुळी, खुळं, तसंच स्टॉलिडस, स्टॉलिडा, स्टॉलिडम.

वैशालीनं भाकरी वाढता वाढता नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे 'तो' असला की स्टॉलिडस, 'ते' असलं की स्टॉलिडम?"

मीनाक्षी हो म्हणाली.

"मंग बरोबर. रविवारी घरची कामं सोडून साप हुडकत फिरतं ना, ते तुमचं मंडळ स्टॉलिडम."

* * *

आता खालापूरच्या गायकवाड काकांचा.

काका रेल्वेतून रिटायर झालेले. शेजाऱ्यांचा फोन आला की ओटीवर घोणस आहे, लवकर या. पोचलो तेव्हा अंगणात गर्दी, आणि ओटीवर काका खुर्चीत बसलेले. त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर घोणस वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसत होती. तिच्या पलीकडे उंबऱ्यात काकू, पाय पसरून वाल सोलायला बसलेल्या. त्या तिथूनच ओरडत होत्या, "अवो उठा, पळा की!"

काका ढिम्म. नजर सापावर, हात मांडीवर. फक्त डाव्या पायाचा अंगठा हलत होता. मला वाटलं, भीतीनं थरथरतोय.

प्रकाश माझ्या कानाशी पुटपुटला, "स्टॉलिडस." आणि साप धरायची आकडी घेऊन पुढे झाला.

घोणस पिशवीत गेली. भगवाननं काकूंना दोन्ही हातांनी धरून उठवलं. त्यांचे गुडघे गेलेले, एकटीनं उठणं होत नाही. उठल्या उठल्या त्यांनी सगळ्यांसमोर सुरू केलं. घसा फुटेपर्यंत ओरडले, पण हा माणूस जागचा हलला नाही. संसार केला तो असल्या दगडाशी. घर पेटलं तरी बसून बघत राहील.

गर्दी हसली. आम्हीही हसलो. गर्दी पांगली, काकू आत गेल्या, तेव्हा मी काकांच्या शेजारी टेकले आणि विचारलं, उठला का नाहीत, मागं जायला जागा तर होती.

काकांनी आत एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मी उठलो असतो तर घोणस हिच्याकडं वळली असती. हिला उठता येत नाय. म्हनून अंगठा हलवत बसलो. तोंड माज्याकडंच राहिलं पायजे ना तिचं."

आतून काकूंचा आवाज आला, "काय सांगताय त्यांना? अकलेचा कांदा हाय ह्यो मानूस, मॅडम. विचारा कुनालाबी."

काका गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बस गं तू," ते आत जाता जाता म्हणाले. "चा मी टाकतो."