जीप चालू की बंद, एका शब्दात कळवा

ज्या आरोग्य केंद्रात वाहन एक, चालक एक आणि डॉक्टरही एकच, तिथे किस्से गोळा करावे लागत नाहीत. धुळीसारखे ते आपोआप बसत जातात. हर्सूलच्या पुढे, डोंगराला टेकलेल्या आमच्या केंद्रातले माझे बहुतेक किस्से जीपच्या गिअरचे आहेत. ऐकणारे हसतात. डॉक्टर म्हणून मला मात्र तेव्हा एकच भीती होती: एखादी बाळंतीण अडली आणि नेमका त्याच वेळी गिअर पडला नाही तर?

पहिल्यांदा तो शहरातल्या क्रांती चौकात पडेनासा झाला. मांडीवर लसींची पेटी, आत बर्फ वितळतोय, मागे ट्रकचा हॉर्न. आमचे चालक युसुफभाई यांनी इंजिन बंद केले, गिअर टाकला आणि चावीला हात लावून म्हणाले, "मॅडम, त्या सायकलवाल्याला बाजूला व्हायला सांगा. चालू झाली की गाडी उडी मारते."

मी तोंड उघडण्याआधीच तिने उडी मारली. सायकलवाला वाचला. युसुफभाईंच्या खानदानाविषयी तो जे बोलला, ते इथे लिहिण्याजोगे नाही.

दुसऱ्या दिवशी मी जीपची रीतसर तपासणी केली. इंजिन बंद असता गिअर पडतात, चालू असता पडत नाहीत. अर्थात क्लच पूर्ण सुटत नाही. पेडल दाबून पाहिले, तर ते मध्येच अडत होते. खाली चौपदरी पोते! तळाच्या भोकातून धूळ येते म्हणून ते घालण्याचा लेखी आदेश माझाच होता.

"म्हणजे मॅडम," युसुफभाई म्हणाले, "आजार दवाखान्यातच लागला म्हणा की."

पोते काढताच गिअर पडू लागले. सिस्टर कांताबाई तेवढ्याने निर्धास्त झाल्या नाहीत. "एखादीचा जीव जाईल तवा कळंल," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात दुखणे परतले. मुकुंदवाडीच्या मिस्त्रींनी सांगितले की गिअरच्या दांड्याचा आतला जोड झिजला आहे, बदलावा लागेल. मी वरिष्ठ कार्यालयाला दोन पानी पत्र लिहिले. उत्तर आले: "वाहन चालू आहे की बंद, ते एका शब्दात कळवावे." मी लिहिले, "अनिश्चित." असा रकाना नाही म्हणून कागद परत आला.

आणि मग ती दुपार. डोंगरावरच्या वस्तीतून निरोप आला: बाई कालपासून अडली आहे, मूल आडवे. अर्ध्या चढावर जीप थांबली आणि मागे घसरू लागली. कांताबाईंनी उडी टाकून चाकामागे दगड लावला. पहिला पडेना, दुसरा पडेना. युसुफभाईंनी दांडा मागे ओढून पाहिला.

"मॅडम, फक्त रिव्हर्स पडतोय."

"मग वळवा," मी म्हणाले.

ब्रेकवर घसरवत त्यांनी जीपचे तोंड उताराकडे केले आणि आम्ही उलटे चढू लागलो. मागच्या काचेतून पाहत मी डावे-उजवे सांगत होते. उजवीकडे दरी होती.

वळणावर जीप जरा थांबली, तेवढ्यात एक माणूस वरून धावत आला, जीपला ओलांडून गेला आणि बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. तो त्या बाईचा नवरा.

"माघारी नका जाऊ, साहेब. जित्ती हाय ती अजून."

युसुफभाईंनी डोके बाहेर काढले. "माघारी कुठं, भाऊ. तुझ्याच घरी यायलोत."

त्याने एकदा जीपचे तोंड पाहिले, एकदा खालचा उतार. मग वळून वस्तीकडे पळत सुटला.

"खाटंसकट आणा तिला," तो ओरडत होता, "गाडीचं तोंड दवाखान्याकडंच हाय!"