ह्यांना चालेल

वहिनींनी वेटरला बोलावलं तेव्हा भाजीच्या वाडग्यातून फक्त माझा एक चमचा कमी झाला होता.

"हे घेऊन जा. दुसरं आणा."

वेटरने वाकून वाडग्यात पाहिलं. "कुछ खराब है, मॅडम?"

"नाही. दुसरं आणा."

तो वाडगा उचलायला लागला. साहेबांनी हात आडवा केला. "राहू दे तिथेच," ते म्हणाले आणि मानेनं माझ्याकडे खूण केली. "ह्यांना चालेल."

आमच्या लॅबचे साहेब मला रोज 'तुम्ही' म्हणायचे. पण हा 'ह्यांना' माझ्या एकटीचा नव्हता. त्यात माझी आई होती, माझा बाप होता, महाडकडच्या गावातली आमची सगळी वस्ती होती. तो शब्द मला लहानपणापासून ओळखीचा. फक्त तो वाशीच्या एसी हॉटेलात, पांढऱ्या टेबलक्लॉथवर भेटेल असं वाटलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. बी.एस्सी. केमिस्ट्री. पनवेलला एका खोलीत एकटी राहायचे. घरमालकीण वाईट नव्हती, पण आडनाव कळल्यावर तिनं पाण्याचा नळ वेगळा दाखवला. "तुम्हाला गर्दी नको ना," म्हणाली. मी "थँक्यू" म्हटलं.

रविवारी मी कुणाशी बोलायचे नाही. बोलायला कुणी नव्हतंच. सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढताना 'गुड मॉर्निंग' म्हणायला जावं तर घसा खरखरायचा. शनिवार संध्याकाळपासून आवाजच काढलेला नसायचा.

लॅबमध्ये आम्ही पाच जण. दुपारी एका टेबलावर जेवायचो. सगळे एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. माझ्या डब्यात कुणाचाच हात यायचा नाही. चार वर्षं. कुणी कधी वाईट बोललं नाही. डबा पुढे केला की म्हणायचे, "आज पोट बिघडलंय", "आज गुरुवार", "तू खा गं, तुला कमी पडेल." मी मनाशी म्हणायचे, आपलं तिखट ह्यांना सोसत नाही. सुकटीचा वास येत असेल. मग मी सुकट बंद केली. मग लसूण कमी केला. शेवटी बिनवासाची बटाट्याची भाजी न्यायला लागले. तरी हात आला नाही. आईला पत्रात मात्र लिहायचे, आम्ही सगळे वाटून खातो.

त्या वर्षी पावसाळ्यात आमचा माल तीनदा परत आला. मालक मुंबईहून येऊन साहेबांना बोलून गेले. साहेब आम्हाला बोलले. मी आठ दिवस लॅब सुटल्यावर थांबून एकेक कच्चा माल तपासला. सॉल्व्हंटमध्ये पाणी निघालं. ते कुठून येतं बघायला यार्डात गेले. ड्रम उघड्यावर उभे ठेवलेले. पाऊस झाकणावर साचायचा आणि बुचातून आत उतरायचा. मी साहेबांना सांगितलं, ड्रम आडवे करून शेडमध्ये घ्या. घेतले. पुढचा माल पास झाला.

मालक खूश झाले. साहेब खूश झाले. म्हणाले, दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी मी सगळ्या लॅबला जेवायला घालतो. वाशीला नवं हॉटेल झालंय, तिथे. सीनियर केमिस्टची जागा रिकामी होती, त्याचंही बघू, असं माझ्याकडे पाहून म्हणाले.

मी ते जेवण आठवडाभर मनात जेवत होते. हॉटेलचं नाव ऐकून नाही. मला एकच वाटत होतं. तिथे कुणाचा डबा नसणार. ताटं हॉटेलची, भाजी हॉटेलची, चमचा हॉटेलचा. तिथे मी सगळ्यांसारखीच जेवीन. निळी साडी इस्त्री करून आणली. सकाळी चहाशिवाय काही घेतलं नाही. पनवेलहून एस.टी.ने वाशीला गेले. स्टँडपासून चालत. सगळीकडे अर्धवट बिल्डिंगा, सिमेंटची पोती, मध्येच एखादं घर वसलेलं. बाहेर ऊन, आणि हॉटेलच्या आत एवढा काळोख की दोन मिनिटं माणसं दिसेनात.

आम्ही सात जण. साहेब, त्यांच्या मिसेस म्हणजे वहिनी, आणि आम्ही पाच. मला टेबलाच्या टोकाला खुर्ची मिळाली. शेजारी वहिनी, समोर सुहास. सुहास माझ्या दोन वर्षं मागून आलेला. त्याला टायट्रेशन मी शिकवलं. एंड पॉइंट चुकायचा त्याचा, रंग बदलला तरी थेंब पडत राहायचे. मी शेजारी उभी राहून शंभरदा करून घेतलं होतं.

आधी सूप आलं. मोठ्या प्लेटमध्ये छोटी वाटी. आम्ही लॅबमध्ये स्टार्चचं पाणी करतो, अगदी तसं. आयोडीनचा थेंब टाकला असता तर निळं झालं असतं. मला हसू आलं. सुहासला सांगावंसं वाटलं. तो साहेबांकडे बघत होता.

मग तो वाडगा आला. पनीर. मी कधी खाल्लेलं नव्हतं. वेटरने तो टेबलाच्या टोकाला, माझ्यासमोर ठेवला. कुणी सुरुवात करेना.

साहेब म्हणाले, "घ्या, घ्या. आजची पार्टी तुमच्यामुळे."

मी एक चमचा वाढून घेतला. बेतानं. वाडग्याच्या कडेला थेंब लागू दिला नाही. वाडगा वहिनींकडे सरकवला. वहिनींचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

पुढचं मी वर सांगितलंय.

दुसरा वाडगा आला. तो टेबलाच्या त्या टोकापासून फिरला. साहेब, लॅबचे तिघे, सुहास, वहिनी. माझ्यापर्यंत यायच्या आधीच थांबला. माझ्यासमोर आधीच होता ना. सात माणसांची भाजी, माझ्या एकटीसमोर.

मी खायला लागले. काय करणार होते? ती भाजी गोड होती. टोमॅटो, साय आणि साखर. पनीरच्या फोडी ओल्या खडूसारख्या. मीठ नाही, मिरची नाही, कुठल्या घराचा हात नाही. नान गार होऊन चामड्यासारखा झालेला. आठवडाभर ज्याची वाट पाहिली ते हे जेवण. शेजारी गप्पा चालल्या होत्या. वहिनी दिवाळीच्या फराळाबद्दल बोलत होत्या. त्यांचा आवाज छान होता. मला वाटलं, आपण ह्या टेबलावर नाहीच आहोत. काचेच्या पलीकडे बसून ह्या लोकांना बघतोय.

तेवढ्यात वेटर माझ्या खुर्चीजवळ वाकला. चाळिशीचा माणूस. मघापासून हिंदी बोलत होता, माझ्याशी मराठीत बोलला. आवाजावरून इथल्याच गावातला.

"बाय, भाजीन काय खराब हाय का? आतमधी विचारतान. आचाऱ्याला काय सांगू?"

माझं तोंड उघडलं. आणि मी काय बोलणार होते ते मला आधी ऐकू आलं. 'मीठ जास्त झालंय.' हेच. जिभेवर तयार होतं. भाजीत मीठच नव्हतं, तरी तयार होतं. मी त्या बाईसाठी खोटं बोलणार होते. आत कुणीतरी आचारी बोलणी खाणार होता, आणि मी वहिनींची अब्रू राखणार होते.

मग चार वर्षं डोळ्यांपुढून गेली. तिखट सोसत नाही. वास येतो. नळाला गर्दी नको. ही सगळी कारणं कुणी शोधली होती? त्यांना कष्ट पडू नयेत म्हणून मीच शोधून देत होते. ते नुसते गप्प बसायचे. बाकीचं काम मी करायचे.

मी वेटरला म्हटलं, "भाजी खराब नाही. ती मी आधी वाढून घेतली, म्हणून ह्यांना नको झाली."

मोठ्यानं बोलले नाही. पण टेबलावरच्या गप्पा थांबल्या.

साहेब हसले. "अहो, काहीतरीच काय. तसं काही नाहीये."

"मग ह्यातली घ्या," मी म्हटलं. वाडगा उचलला. जड होता. उठून साहेबांपर्यंत गेले आणि त्यांच्यासमोर ठेवला. "दोन चमचे घ्या, साहेब."

"माझं झालंय."

त्यांच्या ताटात अर्धा नान तसाच होता.

मी वाडगा वहिनींपुढे ठेवला. त्यांनी पदर सावरला आणि भिंतीकडे पाहिलं. मग सुहासपुढे ठेवला. त्याच्यापाशी मी जास्त वेळ थांबले. त्याचा हात चमच्याकडे गेला. मी पाहिलं, गेला. मग त्यानं साहेबांकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास उचलला.

वेटर अजून उभा होता. मी त्याला म्हटलं, "आत सांगा, आचाऱ्याची चूक नाही."

पर्स घेतली आणि बाहेर आले. मागून कुणी हाक मारली नाही. ऊन डोळ्यांवर आलं. स्टँडपर्यंतचा रस्ता ओस होता. मी चालता चालता रडले. आपण जिंकलो वगैरे काही वाटलं नाही. सहा माणसांत एक तरी हात वाडग्यात येईल असं मला शेवटपर्यंत वाटत होतं, त्याचं रडू होतं ते. खोलीवर गेले, भात टाकला, वर लाल तिखट आणि तेल घालून खाल्ला. तो दिवस संपेपर्यंत पुन्हा एक शब्द बोलले नाही.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मिसेस घरी जाऊन रडल्या. बाईमाणसाचा असा चारचौघांत अपमान करतात का?"

"मी पण बाईमाणूसच आहे, साहेब."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग समजुतीच्या सुरात बोलले. "एक चिठ्ठी द्या. गैरसमजातून बोलले, एवढंच लिहा. विषय संपला. सीनियरसाठी तुमचंच नाव आहे माझ्या डोक्यात. लिहायला काय जातं?"

मी कोरा कागद घेऊन लॅबमध्ये बसले. सुहास आला.

"लिहून टाक ना. कशाला टेन्शन घेतेस? आपण तर असलं काही मानत नाही."

"मग काल भाजी का नाही घेतलीस?"

"साहेबांसमोर कसं..."

"दोन वर्षं डब्यासमोर साहेब नव्हते, सुहास."

तो ब्युरेटची काचेची तोटी उगाच उघडबंद करू लागला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मला ते दिसत होतं. पण त्याच्या वाईट वाटण्याचं मी काय करू, ते मला कळेना.

मी लिहिलं, 'रविवारी हॉटेलात भाजी मी आधी वाढून घेतली. म्हणून ती इतरांनी खाल्ली नाही. वेटरने कारण विचारले. मी खरे कारण सांगितले. माझा कोणताही गैरसमज झालेला नाही.' खाली पूर्ण नाव, आडनावासकट. सही.

साहेबांनी वाचलं. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढच्या महिन्यात सुहास सीनियर केमिस्ट झाला. मला यार्डात सॅम्पल काढायला लावलं, उन्हात, ड्रमांमध्ये. सव्वा वर्ष काढलं. मग बेलापूर पट्ट्यात दुसरी नोकरी लागली. तिथेही टेबलं होती. तिथेही माणसं होती. पहिल्याच आठवड्यात एकीनं माझ्या हातचा चहा ठेवून दिला. मी विचारलं, "का नको?" ती म्हणाली, "अशीच." मी म्हटलं, "अशीच म्हणजे काय?" आणि बसून राहिले. तिच्याकडे बघत. तिला उत्तर सुचेना. मी सुचवलं नाही.

माझ्याबरोबर जेवायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. मी एकटी जेवू शकते, खूप वर्षं जेवलेय. पण का नाही, हे त्यांनीच स्वतःच्या तोंडानं सांगायचं. माझं नाव घेऊन, माझ्यासमोर. त्यांच्या वतीनं मी आता एक शब्दही खोटा बोलणार नाही.