पोचल्याचा फोन

कर्वेनगरात आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. त्या दोघी कंपनीच्या बसने सॉफ्टवेअर लिहायला जायच्या, मी विमान शिकायला. कुणाच्या वेळा कुणाशी जुळायच्या नाहीत. कॉम्प्युटरला प्रवेश मिळत असताना मी हे खूळ घेतलं म्हणून तिकडे अमरावतीला बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. वर्ष होत आलं होतं. हट्टी मीही काही कमी नव्हते. पण एकटं फार वाटायचं.

तेव्हा नुसत्या यंत्रांच्या काट्यांकडे बघून उडण्याचा सराव चालू होता. बाहेरचं दिसू नये म्हणून डोळ्यांवर झापड, आणि घाण्याच्या बैलासारखं फिरून परत पुण्यालाच. त्याआधी फ्लाइट प्लॅन, म्हणजे कुठे जाणार, किती वाजता पोचणार याचा कागद, भरून द्यायचा. जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा, मधला मुक्काम वीस मिनिटांचा असला तरी. ते कागद घेणारे साहेब पक्के पुणेरी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अहो, ही चौकट रिकामी का? विमान आलं नाही तर कळवायचं कुणाला? आम्हालाच?" मी चिडून अमरावतीच्या घरचा नंबर लिहिला.

एकदा शिक्षकांबरोबर एका लहान धावपट्टीवर उतरलो. तिथे विमानांची नोंद ठेवणारा कंट्रोल टॉवर नव्हता. पोचल्याचा फोन पुण्याला आपणच करायचा, आणि शिक्षकांनी ते काम माझ्यावर सोडलं होतं. परत तर जायचंच आहे, मग पोचल्याचं काय सांगायचं, अशी माझी समजूत. मी निवांत वडापाव खाल्ला. तिथून निघायलाही तासभर उशीर झाला.

पुण्याला उतरले तर साहेब दारातच उभे.

"आलात? शोध सुरू करायच्या बेतात होतो. शिक्षकांच्या घरी कुणी फोन उचलला नाही, तुमच्या वडिलांनी उचलला. मग दर पाच मिनिटांनी त्यांचाच फोन. 'पोट्टी पोचली काय?' दुसरा शब्द नाही."

तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, मी आले." पलीकडे नुसता श्वास ऐकू आला, मग फोन ठेवला गेला. मी बाथरूममध्ये जाऊन भरपूर रडले.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच धावपट्टी. फोन हातात घेतला आणि वाटलं, थांबावं अर्धा तास. फक्त अर्धा तास. मग स्वतःचीच लाज वाटली, आणि पोचल्याचं वेळेवर कळवलं.

पुण्यात परतल्यावर साहेबांना विचारलंच, "घरून फोन आला होता?"

"कशाला येईल?" कागदावरून मान वर न करता ते म्हणाले. "तुम्ही वेळेवर पोचलात ना!"