किचनमध्ये होते, असं लिहिलेलं

"जिस औरत को ये नहीं पता कि वो खड़ी कहाँ थी, उसकी बात पर सज़ा?"

असं म्हणून काकूंच्या मुलाचा वकील हसला. त्याच्या मागे बसलेल्या काकूही हसल्या. भोपाळच्या सेशन कोर्टात मी शेवटच्या बाकावर होते. अपिलात साक्षीदाराला बोलवत नाहीत, कागद वाचतात. माझेच शब्द वाचत होते आणि मला तोंड उघडायची मुभा नव्हती.

शाहपुऱ्यात काकूंकडे मी चार वर्षं भांडी घासली. पहिल्या दिवशी त्या खूश होत्या. "बरं झालं बाई, आपल्यातलीच मिळाली, मराठी बोलणारी." मग आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून भांडी मागच्या अंगणात, नळाखाली. घासून पायरीवर उपडी घालायची. काकू वरून पाणी ओतून मगच आत न्यायच्या. किचनमध्ये मी कधी पाऊल टाकलं नाही.

त्या दिवशीही नळापाशीच होते. जाळीच्या दारातून दिसलं. काकूंच्या मुलानं कुकर उचलला आणि बायकोच्या खांद्यात घातला. तीन वेळा. त्या घरात मला नावानं हाक मारणारी ती वहिनी एकटीच होती. ती जिन्यावरून पडली, असं घरच्यांचं म्हणणं. वहिनीच्या शब्दाला जोड द्यायला, पाहणारी मी एकटी.

पोलिसानं जबाबात लिहिलं, किचनमध्ये भांडी घासत होती. भांडी म्हणजे किचन, त्याला काय ठाऊक. मला वाचून दाखवलंच नाही. खालच्या कोर्टात मी खरं सांगितलं, अंगणात होते. मग पोलिसांना किचन का सांगितलं, वकिलानं विचारलं. मला आत घेत नाहीत, एवढंच बोलायचं होतं. पण समोर माझी कॉलेजातली मुलगी बसली होती. काकू मला घरच्यासारखं वागवतात, असं मी तिला सांगत आले होते. जीभच उचलली नाही.

त्या कोर्टानं तरी माझ्यावर विश्वास ठेवला, शिक्षा दिली. अपिलात तो सुटला. निकालात लिहिलं, साक्षीदार भरवशाची नाही. वहिनी व्हरांड्यात उभी होती. तिचा उजवा हात अजून वर जात नाही. मला ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

मिसरोदला घरी आले आणि मुलीला सगळं सांगितलं. उपडी भांडी, वरून पाणी.

ती म्हणाली, "मम्मी, मला पता होतं. एकदा चाबी घ्यायला आले होते ना, तेव्हाच पाहिलं."

म्हणजे मी कुणापासून लपवत होते? लाज काकूंना वाटायला हवी होती. मी ती चार वर्षं सांभाळत बसले, आणि भोगलं वहिनीनं.

वहिनी आता जबलपूरला हायकोर्टात चालली आहे. मी तिच्या वकिलाकडे शपथपत्र द्यायला गेले. तो म्हणाला, "कोर्ट अब इसे ले, न ले, कह नहीं सकते. और जात की बात सबके सामने आएगी."

"आने दो."

या वेळी प्रत्येक ओळ मुलीकडून वाचून घेतली, मगच सही केली. कोर्टानं मला उभं केलं, तर मला आत का घेत नव्हत्या ते काकूंच्या तोंडाकडे बघून सांगेन. उभं केलं नाही, तर त्यांच्या गल्लीत घरोघरी सांगेन. तिथली कामं सुटली तर सुटोत.