पदराखालचा हात

भोसरीत कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी, म्हणून आईलाही. त्यामुळे शेजारच्या चित्रकलेच्या बाईंनी आईचं चित्र काढायला घेतलं, तेव्हा तिला गुरुवारीच बसवलं. धुणं, पाणी, दळण सगळं त्याच दिवशी. नुसतं बसणं तिला शिक्षा वाटायची. नजर सारखी आत गॅसकडे आणि उजवा हात पदराखाली. तो ती प्रत्येक फोटोत झाकते, माझ्या लग्नातसुद्धा झाकला होता. मी बालवाडीत असताना तिच्या वर्कशॉपमध्ये पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनखाली त्या हाताची दोन बोटं गेली.

चिंचवडच्या प्रदर्शनात चित्र लागलं, म्हणून आम्ही मायलेकी नटूनथटून गेलो. चित्रासमोर एक मॅडम मैत्रिणीला अर्थ उलगडून सांगत होत्या. झाकलेला हात म्हणजे बाईची मर्यादा, दूर लागलेली नजर म्हणजे न संपणारी वाट पाहणं, मागची काळपट भिंत म्हणजे दुःख. भिंत आमचीच होती, ओल धरलेली. मला आधी हसू आलं, मग राग. पण बोलले असते तर हाताचा विषय निघाला असता. आईला ते नको असायचं.

आईच पुढे झाली. "मॅडम, ही मीच हाय. वाट कुणाची बघत नव्हते ओ, कुकरच्या शिट्ट्या मोजत होते." मग तिनं पदराखालून हात काढला आणि सगळ्यांदेखत पुढे धरला. "आणि ही मर्यादा न्हाई. प्रेसखाली बोटं गेली. नंतर ह्याच हातानं पॅकिंग करून पोरगी शिकवली."

मॅडम ओशाळल्या. माफी मागू लागल्या.

"तुमची काय चूक? मीच तर लपवला होता," आई म्हणाली.

मॅडमनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आईनं तो सोडवून घेतला नाही. मी मात्र डोळे पुसायला दुसऱ्या चित्राकडे वळले.

परतीच्या बसमध्ये बसायला जागा नव्हती. आईनं वरची दांडी उजव्या हातानं धरली. लोक बघत होते, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. इतक्या वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते मी तिथंच बोलले. "आई, मी आज जी काही आहे ती तुझ्या ह्या हातामुळं."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "तू नीट धरून उभी रहा."