आठ महिन्यांची शिळी क्लॅरिनेट

त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. घरापासून खूप लांब, हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत आम्ही दोघं गरम रोलरवर होतो. मी ओली चादर आत सारायचो, तो पलीकडून वाळलेली ओढून घडी घालायचा. त्या घरघरीत ओरडल्याशिवाय बोलताच यायचं नाही. पण हा खोलीवरही मीठ मागताना ओरडायचा.

रविवारी दुपारी मात्र भोंगा बंद. भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा आणि कानाला हेडफोन. त्याचे वडील, अण्णा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. फोनवर बोलणं त्यांना जमायचं नाही. "बोलायचं ते मी फुंकून पाठवतो," म्हणायचे. धाकटा भाऊ मोबाइलवर ते वाजवणं टिपून दर रविवारी पाठवायचा. चार वर्षं भोंग्याने दुसरं गाणं म्हणून ऐकलं नाही. आठवडाभर रोलरवर तोच सूर गुणगुणायचा.

एकदा फोनवर त्याची आई त्याला सहज म्हणाली, "गुडघे साथ देत नाहीत रे. शिलाई मशीन मावशीच्या सुनेला देऊन टाकलं, झालं की आता वर्ष."

पुढच्या रविवारी तो ताडकन उठून बसला. हेडफोन माझ्या कानाला लावून म्हणाला, "ऐक."

क्लॅरिनेट छान चालली होती. मागे खडखड ऐकू येत होती. मग एका बाईचा आवाज, "अहो, जरा हळू. टाका चुकतोय माझा."

"शेजारचं मशीन असेल," मी म्हणालो.

"शेजारीण माझ्या बापाला अहो म्हणते?"

तो गेल्या काही महिन्यांची रेकॉर्डिंगं काढून ऐकत बसला. निम्म्यांत खडखड होतीच. तिथेच त्याने भावाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"हे वाजवणं कधीचं?"

भाऊ आधी उडवाउडवी करू लागला. मग म्हणाला, "अण्णांना झटका येऊन गेला, दादा. आठ महिने झाले. डावा ओठ मिटत नाही, फुंकर टिकत नाही. माझ्याकडे न पाठवलेली जुनी बरीच होती, तीच पाठवत राहिलो. तू इतक्या लांब. तुला कळवून तू करणार काय होतास?"

"रडलो असतो!" भोंगा असा ओरडला की वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशी ठोकली. "तेवढं तरी करू द्यायचंस! आठ महिने शिळं वाढलंस मला, आणि मी मिटक्या मारत खाल्लं!"

तिकडे फोन हिसकावल्यासारखा आवाज झाला. जड जिभेने कोणीतरी बोलू लागलं. "त्याच्यावर ओरडू नको. मीच सांगितलं होतं."

"अण्णा, तुम्हीसुद्धा?"

"वाजत नाही हे कुठल्या तोंडाने सांगू?"

भोंग्याने वडिलांचा फोन कट केला. जन्मात पहिल्यांदा.

पुढचे दोन आठवडे त्याच्या वाऱ्यालाही उभं राहवत नव्हतं. चादरी अशा खेचायचा की दोन टराटरा फाटल्या. सुपरवायझर काही बोलायला आला, तर हा म्हणाला, "तुम्ही तरी खरं बोला, रजा कधी देता?" मी समजूत घालायला गेलो, "प्रेमापोटी लपवलं रे त्यांनी." तेव्हा माझ्यावरच उखडला. "मला लहान पोर समजले ते. पोराला चॉकलेट देऊन दवाखान्याबाहेर बसवतात ना, तसं बसवलं मला."

तिसऱ्या रविवारी त्याने भावाला लिहिलं, "आत्ता जे वाजतं ते पाठव. पुन्हा खोटं पाठवलंस तर तू माझा भाऊ नाहीस."

संध्याकाळी मिनिटभराचं रेकॉर्डिंग आलं. नुसती हवा, मग डुक्कर किंचाळावं तसा आवाज, मग अण्णांची सणसणीत शिवी. पुन्हा हवा. शेवटी तीन सूर लागले, चौथा घसरला. भोंगा ते डोळे पुसत ऐकत होता आणि दात-ओठही खात होता. संपल्यावर फोन लावून सुरूच झाला, "ओठांचा व्यायाम रोज करता का? अर्धा तास? दहा मिनिटांनी काय होतंय? द्या आईकडे फोन!"

अण्णाही तिकडून तसेच ओरडले. जीभ जड होती, पण राग स्पष्ट ऐकू येत होता. चार वर्षांत बापलेक इतकं कधी बोलले नव्हते.

रजा मंजूर झाली आहे, तो पुढच्या महिन्यात जाईल. हल्ली अण्णांचे सहा-सात सूर सरळ लागतात. भावाशी मात्र भोंगा कामापुरतंच बोलतो. आई मध्ये पडली की म्हणतो, "राग गेला की मीच सांगेन. अजून गेलेला नाही."